झडप क्रमांक एकोणीस

२० मार्च २०२०, शुक्रवार. आइंडहोवन.

उत्तराने ही वही दिली. तिच्या ऑफिसातली, निम्मी कोरी. लिहिलेली पानं फाडते म्हणाली, मी फाडू दिली नाहीत. उलटी करून मागून सुरुवात केली आहे.

तीन एप्रिलचं तिकीट रद्द. परवापासून भारतात बाहेरून विमानच उतरू देणार नाहीत. उत्तरा म्हणाली, "आई, बरंच झालं की. राहा आता निवांत." तिला आनंद झाला. मला धसका बसला. लेकीकडे महिनाभर पाहुणी म्हणून राहणं वेगळं. माझी आई माझ्या घरी आली की आधी माझ्या हातावर नारळ नाहीतर खण ठेवायची, मगच पाण्याचा पेला तोंडाला लावायची. आणि मी जावयाच्या घरात दोन वेळा जेवून, वर दुपारी पडते.

इथे मार्च म्हणजे आपला पौषसुद्धा नव्हे. खोबरेल तेलाची बाटली दगड होते. अंघोळीआधी रेडिएटरवर ठेवते, रामरक्षा म्हणून होईतो पातळ होते.

१० मे, रविवार

आज काम मिळालं. मागून घेतलं म्हटलं तरी चालेल.

जावयांना, अंबरीशरावांना, समुद्रात बुडी मारायचा नाद आहे. झीलंडला जातात, इथून दोन तासांवर. पाठीवर हवेची टाकी आणि अंगात हवा भरायचं जॅकेट. त्या जॅकेटला छातीशी एक नळी, तिच्या टोकाला दोन बटणं. एक दाबलं की टाकीतली हवा जॅकेटात शिरते, माणूस वर येतो. दुसरं दाबलं की हवा सुटते, खाली जातो. भरायच्या बटणाच्या आत एक झडप असते. ते "इन्फ्लेटर व्हॉल्व्ह" म्हणतात. ह्यांच्या साखर कारखान्यात झडपच म्हणत, मी तेच लिहिते.

त्यांचा बुडीचा क्लब बंद आहे म्हणून सगळ्या सभासदांनी आपापल्या झडपा सफाईला अंबरीशरावांकडे आणून टाकल्या आहेत. बागेतल्या शेडमध्ये खोका भरला आहे. ते दिवसभर कॉम्प्युटरवर, त्यांना वेळ कुठला? मी म्हटलं, "मला दाखवा की. मी रिकामीच असते."

"आई, अहो तुम्ही कशाला?"

"देवाची भांडी घासते ना रोज? मग हेही पितळच नाही का?"

उत्तरा हसली. "दे रे तिला. नाहीतर ती माझे डबे चौथ्यांदा घासेल."

१९ मे, मंगळवार

रीत लिहून ठेवते. आधी कोमट पाण्यात भिजवायची, बटण दाबत राहायचं, आतलं मीठ सुटतं. मग उघडायची. आत स्प्रिंग, दांडा, दोन रबरी कड्या, बारीक जाळी. पांढरं व्हिनेगर आणि पाण्यात दहा मिनिटं, जास्त नाही. जुन्या दातांच्या ब्रशाने घासायचं. गोड्या पाण्याने दोनदा धुवायचं. वाळवायचं. कड्या नव्या घालायच्या, त्यांना अंबरीशरावांच्या ट्यूबमधलं ग्रीस, तेही बोटाला लागेल-न लागेल एवढंच. बंद करायची. टाकीला लावून दहा वेळा दाबून बघायचं, बटण आपणहून वर यायला हवं.

"ह्या ग्रीसशिवाय काहीही नाही," अंबरीशराव म्हणाले. "बाकी चुकलं तर पुन्हा करता येतं. हे नाही."

पहिल्याच दिवशी स्प्रिंग उडाली. तासभर शोधली. देवघरात बाळकृष्णाच्या पाठीमागे सापडली. उत्तरा म्हणाली, "त्यालाही खेळायला काही नाही घरात बसून."

मी नोंदवही केली आहे. क्रमांक, मालकाचं नाव, तारीख, कड्या बदलल्या का, ग्रीस लावलं का, दाबून पाहिली का. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. अंबरीशरावांनी वही पाहिली आणि म्हणाले, "आमच्या कंपनीत असे रेकॉर्ड नसतात, आई." दिवसभर अंगावर मूठभर मांस चढलं. आज जेवताना पहिल्यांदा पोळीला तूप मागून घेतलं.

३ जुलै, शुक्रवार

योप आजोबा आले होते. दोन गल्ल्या सोडून राहतात. एकाहत्तर वर्षांचे, चाळीस वर्षं पोस्टमन होते, एकटेच असतात. अंबरीशरावांना पहिल्यांदा पाण्यात यांनीच नेलं. काठीला पिशवी अडकवून लांबूनच पुढे केली, दीड मीटर! मी पिशवी काढून घेतली तर टोपी उचलून म्हणाले, "मेफ्राउ." म्हणजे बाई.

कोरोनाच्या भीतीने यंदा उन्हाळ्यात पाण्यात जाणार नाहीत. सगळं निवळलं की जाईन म्हणाले. पिशवीत झडप आणि पुठ्ठ्याची चिठ्ठी, नाव-पत्ता छापल्यासारखा सुवाच्य. क्रमांक एकोणीस.

१२ ऑगस्ट, बुधवार

पाच दिवस उकाड्याने जीव नकोसा केला आहे. पस्तीस डिग्री. घरात पंखा नाही, खिडक्या उघडल्या तरी वारा नाही. खोबरेल पाण्यासारखं झालं आहे.

आज दुपारी फार वाईट झालं.

ग्रीसची ट्यूब टेबलावरून पडली होती, मला दिसली नाही. पाय पडला. झाकण उडालं आणि सगळं ग्रीस फरशीवर, माझ्या तळव्याला, चटईला. पाऊण बोटाएवढी ती ट्यूब. तिच्या किमतीत माझ्याकडे इस्लामपुरात पंधरा दिवसांचं दूध येतं. अंबरीशराव वरच्या खोलीत मीटिंगमध्ये बोलत होते. मी गुपचूप कागदाने पुसून काढलं आणि कागद शेजारच्या कोपऱ्यावरच्या मोठ्या कचरापेटीत नेऊन टाकला. घरच्या डब्यात नाही. वय वर्षं एकोणसाठ.

सांगायचं काय? तुमचं खाते, तुमच्या घरात राहते, आणि तुमची ट्यूबही सांडली?

एकच झडप राहिली होती, योप आजोबांची. उघडून, धुऊन, वाळवून ठेवलेली, नव्या कड्याही घातलेल्या. मग स्टोव्हची आठवण झाली. स्टोव्हचा पंप हवा धरेनासा झाला की वॉशर काढायचं, खोबरेलाचे चार थेंब सोडायचे, की पंप पुन्हा नव्यासारखा. तीस वर्षं केलं. तीही हवा, हीही हवा. बोटाने छान चोळून लावलं, थोडं जास्तच, म्हटलं आजोबांची आहे, कोरडी नको पडायला. दाबून पाहिली, दहा नाही, वीस वेळा. इतकी मऊ चालली, बाकीच्या अठरा चालल्या नाहीत तशी.

१३ ऑगस्ट, गुरुवार

नोंदवही लिहायची राहिली होती. क्रमांक एकोणीसपुढे ग्रीसचा रकाना आला. पेन टेकवून बसले. मोकळा सोडला तर अंबरीशराव विचारतील. बरोबरची खूण केली.

घरखर्चाची वही चौतीस वर्षं लिहिते आहे. पाच पैशांचीही खोटी नोंद नाही. गुरुवारच्या उपासाला आज पाणीही कमी प्यायले, आपोआपच.

३१ ऑगस्ट, सोमवार

"ग्रीस संपलं," असं आज सांगितलं. अठरा झडपांना तेवढं लागणारच. ते म्हणाले, "अरे वा, पुरवून वापरलंत की!" मी स्वयंपाकघरात गेले.

२९ नोव्हेंबर, रविवार

देवा.

अंबरीशराव आणि योप आजोबा सकाळी झीलंडला गेले होते, वेगवेगळ्या गाड्यांनी. आजोबांची वर्षातली पहिली बुडी. कालच अंबरीशराव म्हणाले होते, पाणी आठ-नऊ डिग्री असेल, पण गर्दी नाही.

बारा मीटरवर आजोबा एकदम वर जायला लागले. जॅकेट फुग्यासारखं फुगत गेलं. अंबरीशरावांनी पाय धरला, हवा सोडायची दोरी ओढली, तरी दोघे वेगाने वर आले. आजोबांच्या नाकातून रक्त. काठावर ऑक्सिजन दिला, अँब्युलन्स आली. रात्रभर दवाखान्यात ठेवणार आहेत. हवा वेगाने वर येताना फुप्फुसात फुगते म्हणे. माणूस जातोसुद्धा.

अंबरीशराव घरी आले ते ओल्या केसांनी तसेच जिन्यावर बसून राहिले. उत्तराने चहा दिला तो हातातच गार झाला. मी देवाजवळ दिवा लावून बसले. आजोबांसाठी अकरा वेळा रामरक्षा म्हटली.

१ डिसेंबर, मंगळवार

आजोबा घरी आले. देवाची कृपा, फुप्फुसं चांगली आहेत. अंबरीशरावांनी त्यांची झडप आणली, टेबलावर टाकीला जोडून दाबली. एकदम व्यवस्थित! खाली जाते, वर येते. मी पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. म्हणजे झडपेचा दोष नव्हता.

२ डिसेंबर, बुधवार

अंबरीशराव थोडे विचित्र वागताहेत. दुपारी झडप उघडून बसले होते. दांडा बाहेर काढला, निरखला, नाकाशी नेला. मग सगळं खाली ठेवलं, माझ्याकडे न बघता कोट घातला आणि बाहेर गेले. तासाभराने आले. धक्का बसला आहे त्यांना, साहजिक आहे. रात्रीसाठी त्यांच्या आवडीचं भरलं वांगं केलं. जेवले नाहीत फारसे.

५ डिसेंबर, शनिवार

क्लबातल्या सगळ्यांच्या झडपा अंबरीशरावांनी परत मागवून घेतल्या. सगळ्या स्वतः उघडताहेत. मी म्हटलं, मी करते मदत. "नको आई, नियम बदललाय. एकाच माणसाने करायचं." असेल. इथे सारखे नियम बदलतात.

नोंदवहीही त्यांच्याकडेच आहे.

६ डिसेंबर, रविवार

उत्तराने सांगितलं ते ऐकून दुपारपासून कशात लक्ष नाही. अंबरीशराव आजोबांना भेटायला, त्यांची झडप परत द्यायला गेले होते. आजोबा म्हणाले, बटण मीच चुकीचं दाबलं. हवा सोडायची होती, भरायचं दाबलं. अंबरीशराव म्हणाले, नाही, दोष माझ्या सर्व्हिसिंगचा आहे. आजोबा ऐकेनात. "तूच सांगितलंस ना, टेबलावर दाबून पाहिली, चालते म्हणून? तू चांगला मुलगा आहेस, म्हाताऱ्याचं मन राखतोस." त्यांच्या आईला सत्तरीत विसरभोळेपणा सुरू झाला होता, पुढे ती मुलाला ओळखेनाशी झाली. "माझंही सुरू झालं," म्हणाले. सगळं सामान विकायला काढलं आहे. खिडकीत पाटी लावली आहे.

९ डिसेंबर, बुधवार

आज सकाळी अंघोळीआधी नेहमीप्रमाणे खोबरेलाची बाटली रेडिएटरवर ठेवली.

ठेवली आणि हात तिथेच राहिला.

बाटली पांढरी, घट्ट. उलटी केली तरी जागची हलेना. आठ-नऊ डिग्रीच्या पाण्यात झडपेतलं तेलही असंच गोठलं, दाबलेलं बटण वर आलंच नाही. मग घरात, रेडिएटरशेजारच्या टेबलावर, पुन्हा पातळ. म्हणून चालली. मार्चपासून रोज सकाळी हे माझ्या हाताने करते आहे. रोज!

स्टोव्हचं वॉशर चामड्याचं असतं. आणि स्टोव्ह पाण्यात बुडवत नाहीत.

अंघोळ न करताच बसून राहिले. तेल नाकाशी नेलं. खोबरेलाचा वास मराठी माणसाला कळायचा राहतो होय? मग दोन तारीख आठवली. त्यांनी दांडा नाकाशी नेला होता.

त्यांना माहीत आहे. आठ दिवस माहीत आहे. आठ दिवस "आई, चहा घेताय ना?" म्हणून विचारताहेत.

१७ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. कलश मांडला, त्यावर नारळ ठेवला. नारळाकडे बघवेना. पोथी वाचली, शब्द तोंडातून गेले, मनात एकही नाही. देवीला सगळं सांगितलं, रोज सांगते आहे. पण देवीला सांगणं सोपं. ती उलट विचारत नाही, आणि आपलं डोकं गेलं म्हणून ती घाबरलेली नाही.

भाजी आणायला मुद्दाम लांबून जाते, योप आजोबांच्या गल्लीवरून नको म्हणून. आज मान वर करून गेले. खिडकीत काळं जॅकेट टांगलेलं. आत आजोबा टेबलाशी बसून वहीत काहीतरी लिहीत होते, मग वही झाकून बोटं मोजत होते, मग उघडून बघत होते. उत्तराला सहज म्हणून विचारलं तर म्हणाली, "अगं, ते रोज स्वतःची परीक्षा घेतात. जुने पत्ते पाठ म्हणून बघतात, टपालवाले होते ना. अंबरीश सांगत होता."

२० डिसेंबर, रविवार

धीर केला. उत्तरा झोपली होती दुपारची. मी म्हटलं, "अंबरीशराव, त्या एकोणीस नंबरच्या झडपेचं…"

"आई, ते झालं आता. तपासायची जबाबदारी माझी होती. मी न बघता दिली." उठून त्यांनी माझ्याच कपात चहा ओतला. "आलं घालू का?"

अहो, ओरडा ना माझ्यावर! एवढंच मनात होतं. पोटचा मुलगा ओरडला असता, ह्यांनी तर ताट भिरकावलं असतं. पण जावई सासूला ओरडत नाही. क्लबाने त्यांची सर्व्हिसिंगची परवानगी काढून घेतली आहे मार्चपर्यंत, हे मला उत्तराकडून कळलं, त्यांच्याकडून नाही. माझी लाज माझ्या वाट्याला येऊच देत नाहीत. सगळी तेच नेसून बसले आहेत, आणि तरी आजोबांना तिचा उपयोग नाही.

२४ डिसेंबर, गुरुवार

पूजा आटोपली आणि कुणाला न सांगता निघाले. पिशवीत खोबरेलाची बाटली. रात्रभर ती बाहेर खिडकीत ठेवली होती.

मला डच दहा-बारा शब्द येतात, दुकानाच्या दारांवरचे. वाटेत तीन जुळवले. नीट यू. इक. म्हणजे तुम्ही नाही. मी.

आजोबांनी दार उघडलं. मी मागे पायरीखाली सरले. मास्क लावला होता तरी ओळखलं. "मेफ्राउ?"

मी बाटली काढली, झाकण उघडलं, त्यांच्यासमोर उलटी धरली. काही पडलं नाही. मग खिडकीतल्या जॅकेटकडे बोट केलं, बटण दाबल्याची खूण केली, बोटावर बोट चोळून दाखवलं. "इक," म्हटलं. छातीवर हात ठेवला. "नीट यू. इक."

बाटली पायरीवर ठेवून मी मागे झाले. त्यांनी उचलली, वास घेतला, आत गेले. मला वाटलं दार लागणार. पण ते झडप घेऊन आले. बाटली दोन्ही हातांत धरून, कोटात घालून उभे राहिले. पाच मिनिटं तरी. मी थंडीत, ते दारात. मग बाहेर काढून तिरपी केली. कडेने तेल ओघळलं. झडपेकडे पाहिलं, तेलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

आणि ओरडायला लागले.

काय ओरडले! एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. तोंड लाल, बोट माझ्या दिशेने. मध्ये "दोड" शब्द दोनदा आला, तो मला येतो, बातम्यांत रोज येतो. मेलेला. समोरच्या घरातल्या बाईने खिडकी उघडली. मी मान खाली घालून उभी. पंधरा दिवस छातीवर जे बसलं होतं त्याला कुणीतरी नाव ठेवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मास्कमध्ये जात होतं, पुसलं नाही.

मग ते थांबले. धाप लागली होती. पायरीवरच बसले, आणि उजव्या हाताच्या बोटाने स्वतःच्या डोक्यावर टकटक केली. दोनदा. आंबा पिकला की नाही बघावा तशी. एकदम हसले. हसता हसता रडले.

मला जा म्हणाले नाहीत, या म्हणाले नाहीत. आत गेले. मी वळताना पाहिलं, खिडकीतली पाटी काढत होते.

घरी येऊन उत्तरा आणि अंबरीशराव दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. ट्यूब, कचरापेटी, खोटी खूण. उत्तरा म्हणाली, "आई, एका ट्यूबसाठी? अगं, मला सांगायचंस ना!" अंबरीशराव म्हणाले, "बाटली तिथेच राहिली का?" तेवढंच.

२ जानेवारी २०२१, शनिवार

सकाळी दाराच्या मुठीला पिशवी. आत झडप क्रमांक एकोणीस, माझी खोबरेलाची बाटली स्वच्छ पुसून, आणि ग्रीसची नवी कोरी ट्यूब. पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर तेच सुवाच्य अक्षर. उत्तराने वाचली आणि खिशात घालायला लागली.

"वाच."

"काही नाही गं. सर्व्हिसिंगला दिलंय."

"उत्तरा."

"'फक्त अंबरीश. आईंनी नको.'"

तिला वाटलं मी रडेन. मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. परवानगी मार्चमध्ये मिळेल तोवर थांबतील, तेवढा धीर आहे म्हणजे डोकं शाबूत आहे.

अंबरीशरावांकडून नोंदवही मागून घेतली. क्रमांक एकोणीसपुढची खूण खोडली. खाडाखोड दिसेल अशीच खोडली. वर लिहिलं, ग्रीस नाही, खोबरेल तेल. मालिनी.

त्यांनी झडप उघडायला घेतली. सराव म्हणून, क्लबाला विचारून. मी समोर बसले.

"आई, तो छोटा ब्रश द्या. आणि यापुढे काही सांडलं, तुटलं तर सांगायचं. मी ओरडेन."

"नक्की?"

"प्रयत्न करीन."

ब्रश दिला, आणि हात मागे घेऊन मांडीवर ठेवले.